आतली चिठ्ठी

महालिंगआप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या बॅचला शिकवत होते. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. आमच्या क्लासचा नियमच आहे तो, शिकवणाऱ्यांनाही लागू. समोर दोनशे पोरं, पत्र्याचा हॉल, वर पंखे घरघरतायत, आणि फोन तीनदा थरथरला. मला वाटलं, कुणीतरी पालक असणार. चाचणीत लेकराचे दोन मार्क कमी आले की नांदेडातल्या आयाबापांच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि मग ते मला फोन करतात. तास संपवला, फळा पुसला, हात झटकले, तेव्हा कुठं फोन उलटा केला. महादेवी वहिनींचे तीन मिसकॉल. आप्पाची बायको मला आपणहून कधी फोन करत नाही, त्यामुळं जिन्यातच उभी राहून लावला. "ताई, गेले बघा," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "खिशात तुमच्या हातची चिठ्ठी हाय. ती काढून ठेवू, का संगं जाऊ द्यू?" मी म्हणाले, काढून ठेवा. एवढंच बोलणं झालं. पुढच्या बॅचची पोरं जिना चढायला लागली होती, मी भिंतीला लागून बाजूला झाले.

याला आता सव्वा महिना झाला. आप्पाविषयी लिहा, असं दोघातिघांनी म्हटलं, मी टाळत होते. कारण आप्पाविषयी लिहायचं तर त्या चिठ्ठीविषयी लिहावं लागेल, आणि चिठ्ठीविषयी लिहायचं तर मी एकदा किती सहज खोटं बोलले ते सांगावं लागेल.

आप्पा देवणीकडचा. घरी आईशी, म्हणजे अव्वाशी, कन्नड, आमच्याशी मराठी, आणि घाबरला की दोन्ही एकत्र. लातूरला शेतकी कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. एकोणीस वर्षांच्या पोराला सगळा वर्ग "आप्पा" म्हणायचा, कारण त्याची फिकीर साठीतल्या माणसाची होती. खोलीला कुलूप लावून तो जिना उतरणार, परत चढणार, कुलूप ओढून बघणार, उतरणार, आणि कोपऱ्यावर येऊन मला विचारणार, "सुनंदा, मी कुलूप वडून बघितलं ना गं?" मी म्हणायचे, "अरे बाबा, मी काय तुझ्या कुलपाची राखण करून राहिले का?" यष्टीत बसला की पाटी तीनदा वाचायचा आणि तरी कंडक्टरला विचारायचा. आम्ही त्याची लई टर उडवली. तोही हसायचा. हसता हसता खिसे चाचपायचा.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते, ती पहाट. आमचं लातूरही हललं, पण आम्ही वाचलो, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या पोरापोरींना टेम्पोत घालून किल्लारीच्या बाजूला नेलं. तिथं काय होतं ते मी लिहिणार नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. आप्पाचं अक्षर चांगलं म्हणून त्याला एक काम दिलं. जखमी माणसाला ट्रकात चढवायच्या आधी त्याचं नाव-गाव एका कागदावर लिहायचं आणि ती चिठ्ठी कपड्याला टाचायची. कुणी लातूरला जात होतं, कुणी सोलापूरला, कुणी उमरग्याला. लिहायचा आप्पा, शाईच्या पेनानं. सेफ्टी पिना माझ्या हातात. एक चाळिशीची बाई होती, हिरव्या लुगड्यातली. जबड्याला मार लागलेला, बोलता येईना. शेजारणीनं तिचं नाव सांगितलं, आप्पानं लिहिलं, मी पदराला टाचलं. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. असा तसा नाही, धो धो. ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी निलंग्याहून तिचा भाऊ आला. बहिणीचं नाव सांगून विचारायला लागला, कुठं नेली? आप्पाला नाव आठवलं, लुगडं आठवलं, ट्रक आठवेना. तो त्या भावाबरोबर दवाखान्यादवाखान्यांतून हिंडला. एका ठिकाणी परिचारिकेनं त्यांना ओल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दाखवला. सगळ्यांवर निळे डाग. आप्पाचंच अक्षर होतं ते, पण वाचता येत नव्हतं. महिनाभर तो भाऊ लातूरला येत राहिला, मग यायचा थांबला. ती सापडली म्हणून थांबला, की थकला म्हणून... आप्पाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं त्यानंतर शाईचं पेन हातात धरलं नाही. सगळं लातूर महिनोन् महिने अंगणात झोपायचं, उशाला पेल्यावर वाटी ठेवून, हाललं की वाजावी म्हणून. हळूहळू लोक घरात गेले, वाट्या मांडणीत गेल्या. आप्पाची वाटी पेल्यावरच राहिली.

पुढं आम्ही दोघंही लातूरलाच एका प्रयोगशाळेत लागलो. तो संशोधक, मी त्याची सहायक. झाडांच्या डीएनएचं काम. तिथं आप्पानं स्वतःचा कायदा केला. नमुन्याच्या प्रत्येक पाकिटाला दोन चिठ्ठ्या, दोन्ही पेन्सिलीनं, कारण पेन्सिल पाण्यानं जात नाही. एक बाहेर चिकटवायची, एक आत टाकायची. आणि दोन्ही एकाच माणसानं लिहायच्या नाहीत. बाहेरची मी, आतली तो. आतल्या चिठ्ठीवर खाली लिहायचं, बाहेरची कुणाच्या हातची. "दोघांचं जुळलं तरच खरं," म्हणायचा. बाकीचे लोक हसायचे. मी कंटाळायचे. हात दुखायचे हो लिहून लिहून!

भूकंपाला दहा-बारा वर्षं झाल्यावर आमच्याकडे तेलताडाचं काम आलं. आपल्याकडे करडईचं तेल, शेंगदाण्याचं तेल. ताडाचं तेल म्हणजे दुकानातल्या बिस्किटात असतं तेवढंच ठाऊक. पण खाली आंध्रात त्याच्या मोठ्या बागा आहेत. बाजारात तीन वाणांची रोपं विकली जात होती, आणि प्रश्न असा होता की हे तीन वाण खरंच वेगळे आहेत का, आणि नावाप्रमाणे अस्सल आहेत का. तेलताडाच्या फळात एक कवच असतं. आईझाडाचं कवच जाड, तेल कमी. त्याचा संकर करून जी रोपं विकतात त्यांचं कवच पातळ, तेल जास्त. अडचण ही की रोपवाटिकेत सगळी सारखीच हिरवी दिसतात. फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर लावणाऱ्यानं नुसतं पाणी घालायचं आणि वाट बघायची. आम्ही मात्र पानाचा तुकडा कुटून, त्यातला डीएनए काढून, जेलवर, म्हणजे एका लिबलिबीत पातळ थरावर, उमटणारे पट्टे बघून आधीच सांगू शकत होतो, हे जाड, हे पातळ, हे कुणाचं लेकरू. आप्पाला हे काम एवढं आवडलं की विचारू नका. "चार वरसांची फिकीर चार दिवसांत मिटती बघ," म्हणाला. फिकिरीचा जाणकार माणूस तो, त्यालाच त्याची किंमत.

नमुने आणायला आम्ही दोघं नांदेडहून रेल्वेनं गेलो. पोचलो त्याच दिवशी आप्पा तापानं फणफणला. लॉजवर पडून राहिला आणि मला बजावून बजावून पाठवलं. मी दिवसभर बागेत आणि रोपवाटिकेत हिंडले. तिन्ही वाणांची रोपं, शिवाय ताडून बघायला आईझाडांची पानं. उन्हानं जीव नकोसा झालेला. पेन्सिलीचं टोक मोडलं. पर्समध्ये माझ्या लेकीचं जेलपेन होतं, तेव्हा नवीनच निघालेली ती, गुळगुळीत चालायची. मी त्यानं लिहिलं. आतली चिठ्ठी आप्पाची, तो तर तापात, म्हणून ती टाकलीच नाही. म्हटलं, एका वेळेला काय होतंय... खोका बर्फात भरला आणि परत निघालो. आप्पा चादर गुंडाळून बाकावर आडवा. गाडी मध्येच कुठंतरी अर्धा दिवस उभी राहिली. लातूरला प्रयोगशाळेत खोका उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं, आणि त्या पाण्यात निळी शाई. अकरा पाकिटांवरचं काही वाचता येत नव्हतं.

ती निळाई बघून मला काय आठवलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पिना माझ्याच हातात होत्या ना त्या दिवशी. आप्पा घरी, अजून अंगात कणकण. मी त्याला फोन करून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी दार लावून घेतलं, खोक्यात कुठलं पाकीट कुठं ठेवलं होतं ते आठवलं, आणि अंदाजानं अकरा चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या. पेन्सिलीनं. पाकिटं वाळवली, नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दोन दिवसांनी आप्पा कामावर आला.

जेलचा फोटो निघाला तेव्हा आप्पा बराच वेळ उभ्याउभ्या बघत राहिला. दुसऱ्या वाणाच्या रोपांत जाड कवचाचे पट्टे दिसत होते. म्हणजे भेसळ. तसं कळवलं तर रोपवाटिकेतला तो सगळा वाफा उपटून टाकणार. आणि न कळवावं, तर पावसाळ्यात लोक ती रोपं लावणार आणि चार वर्षांनी कपाळाला हात लावणार. आप्पानं फोटो माझ्यापुढं धरला. "ही बघ गंमत. आईच्या पाकिटात लेकराचे पट्टे, अन् लेकराच्या पाकिटात आईचे. असं कसं झालं असंल?" मग त्यानं विचारलं, "सुनंदा, चिठ्ठ्या दोन्ही होत्या ना गं? आतली बी?"

"हाव," मी म्हणाले. "होत्या की. पाकिटं फोडल्यावर टाकून दिल्या."

एक शब्द पुरला असता, मी वर पुरावाही दिला. आप्पानं मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. अंगात ताकद नसताना, भर मे महिन्यात, तो एकटा परत आंध्रात गेला. सगळे नमुने नव्यानं आणले. आतली चिठ्ठी त्यानं लिहिली, बाहेरची तिथल्या माळ्याकडून लिहून घेतली, तेलुगूत! या वेळी आई आई निघाली आणि लेकरं लेकरं. वाण अस्सल होता. वाफा वाचला.

पण पहिला निकाल तोंडी वरपर्यंत गेला होता, त्यामुळं बैठकीत जाब विचारला गेला. मी आप्पाच्या शेजारी बसले होते. प्रमुखांनी विचारलं, पहिल्या वेळी काय झालं? आप्पा उठून उभा राहिला, विद्यार्थ्यासारखा. "चिठ्ठ्यांची चूक झाली, साहेब. माझी." कुणीतरी हसलं. चिठ्ठ्यांचा एवढा बाऊ करणारा माणूस, आणि त्याच्याकडूनच! प्रमुख म्हणाले, ज्यांना साधी चिठ्ठी लावता येत नाही त्यांनी असली कामं घेऊ नयेत. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. आत्ता बोलू, आत्ता बोलू म्हणत चहा आला, बैठक संपली. पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याकडे गेलं. आप्पाला बियाणं तपासणीवर बसवलं, ओल्या कागदावर करडईचे कोंब मोजायला.

त्याच वर्षी मी नोकरी सोडली. लोकांना सांगितलं, क्लासेसचे दिवस आलेत, जीवशास्त्र शिकवणारं माणूस हवंय. ते खरंही होतं. लातुरात गल्लोगल्ली पत्र्याचे हॉल उठत होते, गावोगावची पोरं गादी-बादली घेऊन उतरत होती, पुढं ते लोण नांदेडात आलं आणि मीही त्याच्याबरोबर नांदेडला आले. खरं सांगायचं तर आप्पाच्या समोरच्या टेबलावर बसणं मला होत नव्हतं. इथं पोरांची दर रविवारी चाचणी, दर सोमवारी यादी. सोळा वर्षांच्या पोराची आई मला विचारते, "मॅडम, आत्ताच सांगा ना, ह्याचा मेडिकलला नंबर लागेल का हो?" मला आप्पाची रोपवाटिका आठवते. पोरांचं असं पान तोडून बघता येत नाही हे त्या माउलीला सांगून काही उपयोग नसतो.

चार वर्षांनी एक दिवस आप्पा अचानक क्लासवर आला. हातात कापडी पिशवी. मी पेपर तपासत होते. त्यानं पेपर बाजूला सारून पिशवीतून शेंदरी-काळी फळं काढली आणि खिशातल्या चाकूनं एक उभं कापलं. "बघ. पातळ." दुसरं कापलं. "ह्ये बी पातळ." त्या वाफ्यातली झाडं धरली होती. त्यानं कुणाकुणाला सांगून फळं मागवून घेतली होती. माझ्या टेबलावर तेलाचे पिवळे डाग पडले, तो मात्र पंधरा-सोळा फळं कापेपर्यंत थांबला नाही. मग खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "सुटलो बाई." मी म्हणाले, "अरे, दुसऱ्या वेळेला नीट आलं होतं ना सगळं? मग एवढं काय?" तो म्हणाला, "आलं होतं गं. पण पहिल्या वेळी कुठं चुकलो त्ये कळलंच न्हाई ना. मंग दुसऱ्या वेळेचा भरवसा कसा धरावा?" तेव्हा सांगायला हवं होतं. दुसरी घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. गेले म्हणजे पळाले.

यंदा त्याचं हृदय थकलं आणि त्याला नांदेडला दवाखान्यात आणलं. मी एका रविवारी चाचणी उरकून गेले, ठरवून गेले, की आज सांगायचं. तो उशीला टेकून बसला होता, वाळलेला. मनगटावर दवाखान्याचा छापील पट्टा. "ह्ये बघ," म्हणाला, "घामानं उडून जाईल नाव. मंग हे मला कुणाच्या वाट्याला देतील कुणास ठाऊक." मी म्हणाले, "तुला कोण नेतंय? दिवसातून दहादा बायकोला घरची गॅसची टाकी बंद केली का विचारणारा!" तो हसला. मग म्हणाला, "आतली मी लिहिलीय. बाहेरची तू लिही." मी पर्स उघडून पेपर तपासायचं लाल पेन काढलं. आप्पानं त्या पेनाकडे बघितलं, उशीखालून बोटभर पेन्सिल काढली आणि माझ्यापुढं धरली.

"आता तरी पेन्सिल घे, सुनंदा."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो सलाइनचे थेंब मोजत होता. वहिनी चहा घेऊन आल्या. मी चिठ्ठी लिहिली, नाव, गाव, तालुका देवणी. त्यानं ती नीट घडी करून खिशात ठेवली आणि वहिनींना म्हणाला, बाईंना बिस्किटं दे. मी बिस्किट खाल्लं. पुढच्या रविवारी त्याला विचारीन म्हटलं, "आता तरी" म्हणजे काय. पुढच्या रविवारी मोठी चाचणी होती. त्याच्या पुढचा रविवार त्याला मिळाला नाही.

गावाकडे त्याला त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. त्या गर्दीत वहिनींशी बोलणं झालं नाही, म्हणून मागच्या आठवड्यात लातूरला घरी गेले. स्वयंपाकघरात बसलो. मांडणीवरच्या प्रत्येक डब्याला बाहेर पेन्सिलीची चिठ्ठी, वहिनींच्या हातची. पोह्याचा डबा उघडला तर आत आप्पाच्या हातची. वहिनींनी देवळीतून दोन चिठ्ठ्या आणून माझ्यापुढं ठेवल्या. "एक तुमची, एक त्यांची. दोन्हींत तेच लिवलंय. मंग दोन कशाला हो, ताई?"

त्याची चिठ्ठी मी पहिल्यांदा बघत होते. नाव, गाव, तालुका. आणि खाली, कायद्याप्रमाणे: बाहेरची सुनंदाच्या हातची. मी जायच्या आधीच लिहून ठेवलेली. मला रडू आवरेना, आणि मी वहिनींना सगळं सांगितलं. जेलपेन, अकरा चिठ्ठ्या, "हाव". म्हटलं, मला वाटतं त्याला माहीत होतं, वहिनी. तसं नसतं तर त्यानं मला लिहायला लावलं असतं का?

वहिनींनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "माहीत असंल बी. मला काय त्यातलं कळत न्हाई. पण चार वरसं ते माणूस झोपेतून उठून सोताचे हात बघायचं, ताई. म्हणायचे, ह्या हातानं पुन्हा चुकलो. तुम्ही एकदा बोलला असतात तर झोपले असते."

मला बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. निघताना दोन्ही चिठ्ठ्या मात्र माझ्या हातात ठेवल्या. ओट्यावर एक पेला होता, त्याच्यावर वाटी. माझा धक्का लागून ती वाजली आणि आम्ही दोघीही दचकलो.

हे सगळं मी पेन्सिलीनं लिहिलंय. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांना टंकलेलं लागतं, ते कुरकुर करतील, करू देत. चिठ्ठ्यांची चूक माझी होती, आप्पाची नव्हती, हे मी माझ्या हातानं लिहून देते आहे. वाचणारे विचारतील, याला दुसरा पुरावा काय? दोघांचं जुळलं तरच खरं. पण ही एकट्या बाहेरच्या चिठ्ठीची गोष्ट आहे. आतली लिहायचा तो माणूस गेला.